फुंकर अर्धी, अहवाल खोटा

तळोजा औद्योगिक वसाहतीत काम करणारे एक गृहस्थ परवा तपासणीचा कागद घेऊन आले. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत ‘फुप्फुसांची क्षमता कमी’ असा शेरा पडला होता. नोकरी जाईल या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. दम लागत नव्हता की खोकला नव्हता. “नळीत किती वेळा फुंकलंत?” असे विचारले तर म्हणाले, “एकदाच. मागं रांग होती ना, डॉक्टरसाहेब.” नीट समजावून पुन्हा चाचणी केली. आकडे अगदी योग्य निघाले.

या चाचणीला स्पायरोमेट्री म्हणतात. १८४६ साली इंग्लंडमध्ये जॉन हचिन्सन या डॉक्टरने श्वास मोजण्याच्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती चालत आली आहे. छाती भरून घेतलेला श्वास जोराने सोडला असता एकूण किती हवा बाहेर पडते आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे त्यात मोजतात. वय, उंची आणि स्त्री की पुरुष यांवरून अपेक्षित आकडे ठरतात व त्यांच्याशी तुलना होते.

रक्ततपासणीत रुग्णाने फक्त हात पुढे करायचा असतो. इथे मात्र अर्धे काम रुग्णाचे! श्वास अपुरा घेतला तर दोन्ही आकडे घसरतात आणि फुप्फुसे आकसली आहेत असे वाटते. सुरुवात हळू केली तर पहिल्या सेकंदाचा आकडा पडतो आणि नसलेला दमा दिसू लागतो. सर्वांत फसवी चूक म्हणजे फुंकणे लवकर थांबवणे. त्यामुळे एकूण हवा कमी मोजली जाते, दोन आकड्यांचे गुणोत्तर वाढते आणि श्वासनलिकेतला खरा अडथळा झाकला जातो. म्हणजे निरोगी माणूस रोगी ठरतो आणि रोगी माणूस निरोगी म्हणून धुळीत परत जातो!

आपल्याकडे आणखी एक गंमत होते. पनवेलहून घाट चढला की लोणावळ्याचे कैवल्यधाम. तिथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. आज घरोघरी प्राणायाम चालतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण संथ रेचकाची सवय असलेला माणूस नळीतही तसाच संथ श्वास सोडतो आणि नापास होतो. चुलीपुढे फुंकणी वापरलेल्या आजीबाई गाल फुगवून फुंकतात. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक, पण या चाचणीत हवा छातीतून आणि एका झटक्यात यायला हवी.

तेव्हा वाचकहो, चाचणीच्या आधी तासभर विडी-सिगारेट ओढू नका, पोट गच्च भरू नका, कपडे सैल घाला. इनहेलर घेत असाल तर तो बंद ठेवायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारा. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा डोळ्याचे वा पोटाचे ऑपरेशन झाले असेल, तर आधी सांगा. ताठ बसा, नाकाला चिमटा लावू द्या. छाती पूर्ण भरा, नळीभोवती ओठ घट्ट मिटा, न थांबता जोरात सोडा आणि तंत्रज्ञ ‘पुरे’ म्हणेपर्यंत सोडत राहा. मोठ्या माणसांना निदान सहा सेकंद तरी लागतातच, असे समजून चाला.

एका फुंकरीवर निकाल देणे म्हणजे एका प्रश्नावर परीक्षा घेणे. किमान तीन निर्दोष प्रयत्न हवेत आणि त्यांतले सर्वांत चांगले दोन जवळपास सारखे यायला हवेत. माझे स्पष्ट मत असे की, कारखान्यांनी तासाला किती माणसे उरकली हे मोजू नये. शिकलेला तंत्रज्ञ ठेवावा आणि अहवालासोबत आलेखाची प्रत कामगाराच्या हाती द्यावी. अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली त्यांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला. नोंदच खोटी असेल, तर ती चाळीस वर्षे जपून उपयोग काय?

शेरा वाईट आला तर घाबरू नका, चाचणी पुन्हा करून घ्या. आणि शेरा चांगला असूनही जिना चढताना दम लागत असेल, तर कागदावर नव्हे, आपल्या दमावर विश्वास ठेवा व डॉक्टरांना गाठा.