घरचा पाव आणि हाताचा स्पर्श



मागच्या वर्षी आमच्या घरी पाव बनवण्याचे यंत्र आले. कचेरीतल्या एका गृहस्थांची बदली झाली, त्यांनी ते चार हजारांना विकायला काढले, आम्ही घेतले. वस्तीतल्या आयाबाया पाहायला आल्या. एक मावशी म्हणाल्या, "पीठ मळतं, फुगवतं, भाजतंही? मग भाकरी का नाही करत?" भाकरी काही त्याला जमत नाही, पण बाकीचे सारे खरे आहे.

आत एक भांडे आणि भांड्याच्या तळाशी फिरणारे पाते, एवढाच त्याचा संसार. आम्ही अडीचशे मिली पाणी, एक मोठा चमचा तेल, दोन लहान चमचे साखर, एक लहान चमचा मीठ, त्यावर चारशे ग्रॅम मैदा आणि सर्वांत वर एक लहान चमचा कोरडे यीस्ट घालतो. मीठ आणि यीस्ट एकमेकांपासून दूर ठेवावे. तीन-साडेतीन तासांत पाव तयार होतो. आमचा पहिला पाव विटेसारखा झाला, कारण पाणी कढत घातले आणि यीस्ट मेले. उन्हाळ्यात उलट झाले. पीठ भराभर फुगले आणि मधेच बसले. तेव्हापासून उन्हाळ्यात माठातले पाणी घालतो. नुसत्या कणकेचा पाव जड होतो, निम्मा मैदा घातला की बरा होतो. पाव फुगत असताना झाकण उघडू नये, आणि झाल्यावर लगेच बाहेर काढावा, नाहीतर खालून ओला होतो.

आता हिशेब. एका पावामागे आमचे पंधरा रुपये वाचतात. म्हणजे चार हजार फिटायला सुमारे दोनशे सदुसष्ट पाव हवेत. आठवड्याला दोन केले तर अडीच वर्षे! म्हणून कोणीही हप्त्यावर नवे यंत्र घेऊ नये. मुलांची फी आधी, यंत्र नंतर.

पण आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक गृहस्थ वीस वर्षांत आमच्या डब्यातले कधी खात नाहीत. कधी उपास असतो, कधी पोट बरे नसते. एके दिवशी आम्ही घरचा पाव नेला. त्यांनी विचारले, "घरी केला?" आम्ही म्हणालो, "यंत्राने केला." "म्हणजे हात लागत नाही तर!" असे म्हणून त्यांनी दोन तुकडे उचलले आणि चहात बुडवून खाल्ले. आम्ही गप्प राहिलो. घरी येऊन सांगितले, तेव्हा मुलांची आई म्हणाली, "मैदा काय यंत्रानं मोजला? भांडं कोणी घासलं?"

बंधूंनो, हात न लागलेले अन्न या जगात नाही. हे यंत्रसुद्धा हातातूनच जन्माला आले. जपानमधल्या मात्सुशिता कंपनीने ते बनवायला घेतले, तेव्हा पाव वरून करपे आणि आत कच्चा राही. मग इकुको तानाका नावाच्या त्यांच्या संगणकतज्ज्ञ बाई ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारी करायला गेल्या. तो कारागीर पीठ नुसते ताणत नाही, ताणताना पिळतोही, हे त्यांनी पाहिले. तो पीळ यंत्राला साधावा म्हणून आतल्या बाजूला कंगोरे बसवले, आणि 1987 साली यंत्र बाजारात आले. म्हणजे आमच्या भांड्यात फिरते ती एका कामगाराच्या मनगटातली विद्या आहे.

आपल्या मुंबईत 1849 साली परमहंस मंडळी स्थापन झाली. जातिभेद मोडण्यासाठी तिचे सभासद ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खात, पण लपूनछपून. गुपित फुटले आणि मंडळी मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्याला लपून खायला शिकवले नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंच्या साक्षीने त्यांनी आपल्याला उघड्यावर माणूस म्हणून उभे केले. मग आम्ही त्या दिवशी गप्प का बसलो? ही आमचीच चूक.

दुसऱ्या दिवशी आम्ही डब्यात भाकरी आणि ठेचा नेला. त्या गृहस्थांपुढे डबा ठेवून म्हणालो, "साहेब, ही यंत्राची नाही. मुलांच्या आईच्या हातची आहे." त्यांना त्या दिवशी उपास निघाला. आम्ही म्हणालो, "ठीक आहे, पण यापुढे आमचा पावही त्याच हातचा आहे, हे लक्षात ठेवा." ते काही बोलले नाहीत. त्यानंतर आमचा डबा मधोमध उघडा असतो. ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे.

यंत्र आता महिन्यातून एका रविवारी विहारात नेतो. मैदा मोजायचे आणि भांडे घासायचे काम पुरुषांनी करायचे, असे ठरले आहे. मुलांना पाव आवडतो, आणि आयांना तेवढे तीन तास मोकळे मिळतात. तेवढ्यासाठी चार हजार महाग नाहीत.

जयभीम!