कुणाच्या विस्मृतीतले?

वर्षभर एका गोष्टीनं डोकं खाल्लं आहे, ती आधी सांगून टाकतो. तोंड गोड करायला पुढे अंकभर मजकूर आहेच. सकाळी मोबाईल उघडला की ‘आजचा शब्द’ हजर. मागे कमळ किंवा समई, मधोमध सुबक अक्षरात एक शब्द, खाली अर्ध्या ओळीचा अर्थ आणि तळाशी ती ठरलेली पट्टी : ‘विस्मृतीत गेलेले मराठी शब्द’. फडताळ, शिंकाळं, उतरंड, माजघर, पागोळी, कोनाडा. पाठवणारे सज्जन असतात, बहुधा निवृत्त असतात, भाषेवर त्यांचा खरोखर जीव असतो. त्यामुळे उलट काही लिहिणं जिवावर येतं. पण १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली, आणि वर्षातून एकदा वाचकांशी भांडायची सोय संपादकांना करून दिली. ती सोय आज वापरतो.

विस्मृतीत गेलेले म्हणजे नेमके कुणाच्या?

मध्यंतरी असाच ‘ओळंबा’ आला. अर्थ दिला होता, ‘भिंत सरळ आहे का हे पाहण्याचे जुने साधन’. जुने? तुमच्या सोसायटीशेजारी इमारत उठते आहे ना, तिथे गवंडी दिवसातून कितीतरी वेळा ओळंबा सोडतो. कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या लावून बघतो. दगडी काम असेल तर दरजा भरतो, वरून गिलावा करतो. गवंडी उत्तरेकडचा असेल तर तो ओळंब्याला साहुल म्हणेल, म्हणजे तुम्हाला आणखी एक शब्द फुकट मिळेल. यातलं काहीही कुणी विसरलेलं नाही. आपण फक्त त्या माणसाशी कधी बोललो नाही. आपल्याला माहीत नाही ते मेलं, असं धरून चालायची आणि वर त्याला हार घालायची आपली रीत मोठी मौजेची आहे.

२०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानं सोयाबीन पाण्याखाली गेलं, नदीकाठची जमीन वाहून गेली, घरं गेली, जनावरं गेली. त्या दिवसांत गावाकडून येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये एक शब्द होता : वापसा. ‘वापसा नाही अजून.’ शहरातल्या किती जणांना तो कळला? पाऊस पडून गेला की जमीन लगेच हाताशी येत नाही. ओल जास्त असताना औत घातलं तर फणाला चिखल धरतो, मोठी ढेकळं निघतात, ती वाळली की दगडासारखी होतात. फार वाळू दिली तर बी उगवायला ओल उरत नाही. या दोन्हींच्या मधली, पेरणीला नेमकी योग्य अशी जी ओल, तिला वापसा म्हणतात. शेतकरी मूठभर माती घेऊन दाबतो. गोळा झाला आणि हातातून सोडल्यावर फुटला, की वापसा आला. सुगीचा पाऊस लांबला, वापसा येईना, म्हणून ज्वारी-हरभऱ्याची पेरणी रखडली. याच दिवसांत दुसरा शब्द पंचनाम्यांत होता : ‘खरडून गेलेली जमीन’. वरचा मातीचा थर पाण्यानं ओढून नेला आणि खाली नुसता मुरूम राहिला, तर ती खरडून गेली. सरकारी मदतीच्या निकषांतही हेच शब्द आहेत. माणसाची वर्षाची कमाई ज्या दोन शब्दांवर तोलली जात होती, ते ‘आजचा शब्द’मध्ये आले नाहीत. त्या आठवड्यात आम्हाला ‘तबक’ आणि ‘चंची’ आले.

एरवी २०२५ हे वर्ष भाषेचंच होतं म्हणायचं. मराठीच्या अभिजात दर्जाला ३ ऑक्टोबरला एक वर्ष झालं, सत्कार झाले. फेब्रुवारीत दिल्लीत अठ्ठ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, आणि ताराबाई भवाळकरांसारखी लोकसंस्कृतीची अभ्यासक अध्यक्षपदी होती, याचा आनंद आम्हाला अजून आहे. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनअखेर मागे घेतला गेला. त्यावर जे बोलायचं ते सगळ्यांनी बोलून झालं आहे. शिवाजी महाराजांचे किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. यापलीकडे वर्षाचा आढावा हवा असेल तर वर्तमानपत्रं आहेत.

मूळ तक्रारीकडे येतो. शब्द वाटण्यात काही वाईट नाही. नवा शब्द सापडला की तो दुसऱ्याला दाखवावासा वाटतो, हा माणसाचा सुंदर गुण आहे. पण हे शब्द पत्त्याशिवाय येतात. कोण म्हणतं, कुठे म्हणतं, कोणत्या वाक्यात म्हणतं, काही नाही. आपल्या कोशकारांनी असं केलं नव्हतं. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. त्याचा कोश १८३१ साली आला, आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांच्या घरात गेली. पुढे दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला, १९५० साली पुरवणी आली. तो कुठेही उघडा. शब्दापुढे कंसात छोटी अक्षरं दिसतील : व., ना., गो., राजा. म्हणजे हा वऱ्हाडातला, हा नागपूरकडचा, हा गोव्यातला, हा राजापूरचा. जिथे सापडलं तिथे जुन्या ग्रंथातलं वाक्यही दिलं आहे. पैशाची आणि माणसांची चणचण असताना त्या मंडळींनी शब्दाबरोबर त्याचं गाव टिपून ठेवलं. आता हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या कृपेनं घरबसल्या फुकट उघडतात, आणि आपण त्यातून शब्द उचलताना नेमकं गाव खोडून टाकतो.

गाव खोडलं की काय होतं ते सांगतो. पुण्यात कोहळा म्हटलं की पांढरा, पेठ्याचा. नागपूरला कोहळं म्हटलं की तांबडा भोपळा. तिथले कोहळ्याचे बोंड त्याचेच. डांगर काही घरांत पापडाचं पीठ असतं, काही भागांत वेलीला लागतं. भांग म्हटलं की देशावर केसांतला किंवा होळीतला. कोकणातला मच्छीमार मात्र अष्टमीच्या आसपासच्या सुस्त भरतीला भांग म्हणतो आणि अमावास्या-पौर्णिमेच्या जोरदार भरतीला उधाण. उधाण बातम्यांमधून सगळीकडे पोचलं, भांग किनाऱ्यावरच राहिला. या गमतीला खरी चव आहे, कारण यात माणसं आहेत आणि एकमेकांशी न जुळणारी घरं आहेत. ‘भांग म्हणजे भरतीचा एक प्रकार’ एवढंच कमळावर छापलं तर त्यातलं सगळंच गेलं.

शब्द टिकतो तो वापरानं, कौतुकानं नव्हे, याचे पुरावे आपल्या तोंडात आहेत. मतलई हा शब्द काय कमी अनोखा आहे? पण दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे, हे मराठी शाळेत भूगोल शिकलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. परीक्षेला येत होता म्हणून राहिला. सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर हे शब्द रूढ केले, ते अर्जावर आणि पाटीवर बसले म्हणून राहिले. उलट ‘वैल’ बघा. मोठ्या चुलीच्या बाजूला तिच्याच धगीवर तापणारी दुसरी जागा म्हणजे वैल. तिथे वेगळी लाकडं लागत नाहीत. ‘दूध वैलावर ठेव’ म्हणजे ते गरम राहील, पण उतू जाणार नाही, आणि तोवर तुला भाकरी टाकता येतील. एका वाक्यात इंधनाचा, वेळेचा आणि बाईच्या दोन हातांचा हिशेब आहे. गॅस आला, वैल गेला, ठीक आहे. धुरापासून सुटलेल्या बायकांच्या डोळ्यांपेक्षा शब्द मोठा नाही. पण अजून ज्या घरांत चूल आहे, तिथे तो आहे. तिथल्या बाईला ‘विस्मृतीत गेलेले’ ही पट्टी वाचून दाखवायची हिंमत कुणी करावी.

या प्रकाराचा त्रास आता आमच्या टेबलापर्यंत आला आहे. यंदा आलेल्या कथांत एक नायिका सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या माजघरात उभी होती. दुसऱ्या एका कवितेत स्लॅबच्या घरावरून पागोळ्या गळत होत्या. पागोळ्यांना उतरतं छप्पर लागतं. स्लॅबला असते ती गळती, आणि त्यावर सोसायटीची सभा होते, कविता होत नाही. लेखक मंडळी चांगली आहेत, कानही बरे आहेत, पण यादीतला शब्द कथेत खोचायचा मोह आवरत नाही. उलट ज्यांच्या जिभेवर पाभर, तिवडा, पाचुंदा सहज येतात, ते आमच्याकडे लिहून पाठवताना हेच शब्द गाळतात आणि जागी ‘कृषी अवजार’ घालतात. प्रमाण मराठीच्या धाकानं. या अंकात असे शब्द आम्ही शोधून परत बसवले आहेत आणि एकालाही तळटीप दिलेली नाही. तळटीप नाही म्हणून पत्रं येतील. येऊ द्यात. संदर्भानं अर्थ लागतो. नाही लागला तर गावाकडच्या एखाद्या काकांना फोन करा, तेवढंच बोलणं होईल.

आणखी एक. या याद्यांमध्ये ‘कल्टी’ कधी येत नाही, ‘खुन्नस’ येत नाही, दूधवाल्याचा ‘खाडा’ येत नाही. अनोखा शब्द म्हणजे तो जुना, घरंदाज आणि पितळी भांड्याच्या रंगाचा हवा, असं कुणी ठरवलं कोण जाणे. पन्नास वर्षांनी एखादा संशोधक ‘कल्टी मारणे’चा उगम शोधत फिरणार आहे, आणि आज ज्यांना तो सांगता आला असता ते तबकाचं चित्र पुढे पाठवण्यात गुंतले आहेत.

आता अंकाविषयी. यंदाचा विषय ‘बाजार’. शब्दांचा इथे काय संबंध, असं विचाराल. ओढूनताणून का होईना, आहे. जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. तसाच तोंडी लपंडाव म्हणजे व्यापाऱ्यांची नंदभाषा. केवली म्हणजे एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. गिऱ्हाईक समोर उभं असताना दोन व्यापारी भाव ठरवत आणि त्याला पत्ता लागत नसे. विसोबा खेचरांच्या नावावर असलेल्या एका रचनेत देवाची पाच मुखं आणि तीन नेत्रसुद्धा याच आकड्यांत मोजले आहेत. म्हणजे फसवायला बनवलेले शब्द भक्तीलाही चालले. आठवडी बाजार, आडत, भुसार पेठ, मासळीचा लिलाव यांवरचे लेख आणि कथा अंकात आहेत. तुमच्या आवडीच्या लेखकांपैकी बहुतेक जण आहेत, दोघे-तिघे नव्यानं आले आहेत. कागद महागला तरी दोन फर्मे वाढवले. किंमत वाढली, हेही इथेच सांगतो.

वाचकांना एक काम देतो. एक शब्द पाठवा. अट अशी की तो तुम्ही यादीत वाचलेला नसावा, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेला असावा. तो बोलणाऱ्याचं नाव नको. गाव, काम आणि तो शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य हवं, जसं ऐकलं तसं, सुधारून नव्हे. शिवीतला असला तरी चालेल. निवडक शब्द पुढच्या अंकात छापू. पत्रं मार्चअखेर पोचावीत, सुवाच्य अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेली.