अजोड

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका चाळल्या की एक चमत्कार दृष्टीस पडतो. सत्कारमूर्ती अद्वितीय, देणगीदार अतुलनीय, दिवंगत तर अजोडच! जेथे प्रत्येक जण अजोड, तेथे त्या शब्दाला अर्थ तो काय उरला?

‘मेकलेस’ हे आज विस्मृतीत गेलेले इंग्रजी विशेषण. मध्ययुगीन इंग्रजीत ‘मेक’ म्हणजे बरोबरीचा, तसाच जोडीदारही. म्हणून ‘मेकलेस’ म्हणजे जिला तोड नाही ती, आणि जिला जोडीदार नाही तीही. पंधराव्या शतकातील एका अनामिक कवीने पवित्र मरियेवरील गीताच्या पहिल्याच ओळीत हे विशेषण योजले. तिचे श्रेष्ठत्व आणि तिचे कौमार्य, दोन्ही त्या एका शब्दात सामावली. त्याआधी चॉसरने तेच विशेषण क्रिसेडच्या रूपाला बहाल केले होते. पुढे ट्रॉयलसला दिलेले वचन मोडणारी ती हीच!

परंतु खरा धडा आहे तो चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘पर्ल’ या काव्यात. शोकाकुल निवेदकाला गमावलेली कन्या स्वप्नात दिसते. तो तिला निष्कलंक आणि ‘मेकलेस’ म्हणून गौरवतो. ती स्वर्गवासिनी काय उत्तर देते? निष्कलंक मी आहे, पण अजोड नाही. कोकराच्या वधू १,४४,००० आहेत, त्यांतली मी एक. स्वर्गात मुकुट लाभलेली कन्या जे विशेषण नाकारते, ते आम्ही पानभर जाहिरातीच्या मोबदल्यात वाटावे काय?

“कौतुकाचे दोन शब्द अधिक झाले तर बिघडले कुठे?” असे कुणी विचारील. बिघडते, वाचकहो! वर्षानुवर्षे पहाटे उठून देवालय झाडणाऱ्या बाईसाठी स्मरणिकेत ओळ नसते, कारण आपली सारी विशेषणे अगोदरच खर्ची पडलेली असतात. आणि ज्या मातेला तो शब्द खरोखर शोभतो, तिच्या चरणी आपण तो झिजलेल्या नाण्यासारखा ठेवतो.

यावर उपाय साधा आहे. माणसाने काय केले, ते लिहावे. कुणी रात्री-अपरात्री आजाऱ्यांना रुग्णालयात पोहोचवले, कुणी गरिबाच्या मुलांची फी भरली, एवढे सांगितले तरी पुरे. निष्कलंक होण्याचा प्रयत्न आपण सर्वांनी करावा, तेथे जागा पुष्कळ आहे. अजोड हा शब्द मात्र जपून ठेवावा.