अस्सल नक्कल

स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू ज्याने एकदाही स्क्रूड्रायव्हर लावून उघडली नाही, त्याची ती वस्तू नव्हेच, असे माझे स्पष्ट मत आहे. फार तर ती त्याच्या ताब्यात आहे असे म्हणा. बँकेत वीस वर्षे काढल्यावर ताबा आणि मालकी यांतला फरक माणसाला झोपेतही कळतो.

मताला निमित्त झाले जुन्या व्हिडिओ गेमचे. नव्वदच्या दशकात ज्याच्या घरी टीव्हीला जोडून, वर कॅसेट खोचून खेळायचा व्हिडिओ गेम असे, त्याच्या दाराशी मे महिन्यात चपलांचा खच पडलेला असे. आज तोच गेम माळ्यावरून खाली काढावा, तर तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखा पिवळा झालेला. मी आमचा गेम उघडला, धुतला, घासला, छान निळा रंगवला आणि पोटातल्या दोन-चार वायरी बदलल्या. यात मी कुणाचे काय घोडे मारले? पण नाही! जुन्या वस्तू जमवणारे एक गृहस्थ ते पाहून हळहळले, ‘‘अरेरे, ओरिजिनॅलिटी घालवलीत हो!’’

आता या ओरिजिनॅलिटीची वंशावळ पाहू. निन्टेंडो कंपनीने जपानात १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. पांढरे अंग, तांबडी किनार. आमच्याकडच्या घराघरांत जे आले, त्यातली बहुतेक त्या फॅमिकॉमची नक्कल. कॅसेटवर ‘९९९९९९ इन वन’ असे छापलेले आणि आत मोजून दहा-बारा खेळ, तेच पुनःपुन्हा नावे बदलून! बँकेत मी असे लेजर लिहिले असते, तर ऑडिटरने मला जागेवर उभे ठेवले नसते. अशा यंत्राचे अस्सलपण जपायचे म्हणजे नकलेची अस्सल प्रत सांभाळायची. झेरॉक्सवर ‘मूळ प्रतीबरहुकूम’ असा शिक्का मारून घेऊन ती झेरॉक्सच लॉकरमध्ये ठेवण्यातला हा प्रकार.

‘‘पण तो पिवळेपणा म्हणजे काळाचा स्पर्श,’’ असे हे लोक म्हणतात. काळाचा कसला स्पर्श? ते प्लास्टिक असते एबीएस जातीचे. पेट घेऊ नये म्हणून त्यात बऱ्याचदा ब्रोमीनयुक्त रसायने घालीत. ऊन, उष्णता आणि हवा यांचा परिणाम होऊन ते पिवळे पडते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की पुष्कळसा पिवळेपणा जातो, मात्र काही वेळा तो पुन्हा येतो. म्हणजे हा काळाचा स्पर्श नसून, रंग न दिल्याचा परिणाम आहे.

आपण तर रंगवणाऱ्यांचे वंशज! पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतात, तेव्हा ‘शिंगांची मूळ कंडिशन बिघडली’ म्हणून कुणी गळा काढीत नाही. नारळी पौर्णिमेला कोळी होडी रंगवतो. दिवाळीआधी आपण लोखंडी कपाट रंगवतो. रंगवणे म्हणजे, ‘बाबा, तू अजून कामाचा आहेस’ असे त्या वस्तूला सांगणे. जी वस्तू रंगवायची नाही, ती बहुधा वापरायचीही नसते.

याची साक्ष लिलावात मिळते. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ या १९९६ सालच्या खेळाची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. एवढे पैसे का? तर ती कुणी खेळलेली नाही म्हणून! आता ज्याने ती घेतली, तोही काही सील फोडून खेळायला बसणार नाही. बाहुलीला हात न लावता मुलीने लहानाचे मोठे व्हावे, तसा हा शोक. याला आम्ही कॉमर्सवाले मुदत ठेव म्हणतो, खेळ म्हणत नाही.

दुसरी फळी घरातच आहे. तिचे म्हणणे, ‘‘कशाला हा खटाटोप? ते सगळे गेम मोबाइलवर मिळतात.’’ मिळतात, मान्य. पण तो मोबाइल उघडून दाखवा! काच डिंकाने चिकटवलेली, बॅटरीही चिकटवलेली. माझा गेम पाच-सहा स्क्रू काढले की मोकळा. आत काय काय आहे ते डोळ्यांना दिसते. कॅसेट चालेना म्हणून लहानपणी आपण सगळ्यांनी तिच्यात फुंकर मारली. त्या फुंकरीतल्या ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात, हे उघडल्यावर कळते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या पुसल्या, की खेळ सुरू. बंदूकही चालत नाही, कारण ती जुन्या पेटीवजा टीव्हीच्या पडद्यावरच नेम ओळखते. नवा चपटा टीव्ही तिला ओळख देत नाही. बाकीच्या खेळांसाठी वायर बदला, मधे कन्व्हर्टर लावा. घर बदलले, तर घरातल्या म्हाताऱ्यालाही थोडे बदलावे लागते. त्याला माळ्यावर चढवायचे नसते.

यात खरे नुकसान कुणाचे होते ते सांगतो. वस्तू बंद पडली की आमच्या पिढीत पहिला प्रश्न असे, ‘काय झालं असेल?’ आजच्या पोराचा पहिला प्रश्न, ‘नवीन कधी घ्यायचं?’ पोरगा वाईट नाही. वस्तूला आतली बाजू असते, हे त्याला कुणी दाखवलेलेच नाही. आता सरकारांनाही याची जाग आली आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसा कायदा केला. पण कायद्याने हक्क मिळेल, हात कुठून आणणार?

दोन गोष्टी मात्र निक्षून सांगतो. खरोखर दुर्मीळ, संग्रहालयात शोभेल असे यंत्र हाती आले, तर ब्रश खाली ठेवा. आणि रंगवायचेच, तर घाई करू नका. साबणाच्या पाण्याने धुवा, पॉलिशपेपर मारा, प्लास्टिकचा प्रायमर द्या, मग रंगाचे पातळ पातळ हात, प्रत्येक हात वाळू देऊन. जाड थर दिला की गेम श्रीखंडाने लिंपल्यासारखा दिसतो.

राहिला हिशेब. घसारा पूर्ण झालेली वस्तू आम्ही वहीत एका रुपयाला धरतो. आमच्या निळ्या गेमची किंमतही मी तेवढीच लावली आहे. संग्राहक मंडळींनी आकडा वाढवून विचारू नये. मुलगा सध्या तिसऱ्या पातळीवर अडकला आहे, आणि दुसरा कंट्रोलर त्याने स्वतः उघडून ठेवला आहे.