गाणं भिलाईचं, पैसा कुठे अडला?

गेंदाफूल म्हणजे आपला झेंडू. या फुलाची दोन गाणी देशभर गाजली. २००९ च्या ‘दिल्ली-६’ मधलं ‘ससुराल गेंदाफूल’ छत्तीसगढच्या लोकगीतावर बेतलेलं, तर २०२० मधल्या बादशाहच्या ‘गेंदाफूल’मधल्या ओळी बंगालच्या. या दुसऱ्या गाण्याच्या श्रेयनामावलीत आधी नुसतं ‘बंगाली लोकगीत’ असं होतं. मग बीरभूमच्या रतन कहार यांनी ते आपण रचल्याचं सांगितलं आणि बादशाहने त्यांना पाच लाख रुपये दिले. दिले हे चांगलंच. पण ती भेट झाली, रॉयल्टी नव्हे. भेट एकदाच मिळते. रॉयल्टी गाणं वाजत राहील तोवर येते, रचनाकाराच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं वारसांना येते.

भिलाईतल्या मराठी घरांना हे कळायला हवं. १९५९ साली इथली पहिली झोतभट्टी पेटली आणि कारखान्याच्या सेक्टरांमध्ये देशभरची माणसं राहायला आली, त्यांत आपलीही. पंडवानी जगभर नेणाऱ्या तीजनबाई याच कारखान्यात नोकरीला होत्या. समजा, अशा एखाद्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुलाने घरच्या संगणकावर स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि ते लंडनच्या हॉटेलात वाजलं, अमेरिकेतल्या रेडिओवर वाजलं. पैसे आपोआप घरी येतील का? नाही.

पहिली गोष्ट, एका गाण्याचे हक्क दोन. शब्द आणि चाल ही रचना. ध्वनिमुद्रण हे वेगळं. मुलगा ज्या वितरकामार्फत गाणं स्पॉटिफायवर चढवतो, तो फक्त ध्वनिमुद्रणाचे पैसे आणतो. (२०२४ पासून वर्षाला हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय तेही देत नाही.) रचनेचे पैसे आणते १९६९ साली स्थापन झालेली, मुंबईची आयपीआरएस ही संस्था. परदेशी संस्थांशी तिचे करार असल्याने लंडनचा पैसा त्या वाटेने येतो; पण सभासद व्हायला हवं आणि प्रत्येक गाणं नोंदवायला हवं. पुष्कळजण सभासद होतात, गाणी नोंदवायचा कंटाळा करतात. मग पैसा जमा होतो आणि धनी सापडत नाही. २०२१ साली अमेरिकेतल्या कंपन्यांनी असा बेवारस पैसा तिथल्या नव्या संस्थेकडे सोपवला, तो ४२ कोटी डॉलरहून अधिक होता!

आता गायकाचं. साठीच्या दशकाच्या आरंभी याच मुद्द्यावर लताबाई आणि रफीसाहेब काही वर्षं एकत्र गायले नाहीत. गायकालाही रॉयल्टी हवी, हे लताबाईंचं म्हणणं; मानधन घेतलं की व्यवहार संपला, हे रफीसाहेबांचं. २०१२ च्या दुरुस्तीने कायदा अखेर लताबाईंच्या बाजूला आला. अमेरिकेतल्या इंटरनेट रेडिओचा पैसा साउंडएक्सचेंज ही संस्था वाटते: निम्मा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला, ५ टक्के साथीदारांना. आपल्या मुलाने गाणं स्वतःच गायलं आणि मुद्रितही केलं असेल, तर तिथे दोन्ही नात्यांनी नाव नोंदवावं. नोंदणीला पैसे पडत नाहीत.

करापुरता एक कागद: डब्ल्यू-८बेन. तो भरला नाही तर अमेरिकेत ३० टक्के कापतात, भरला तर भारताशी असलेल्या करारामुळे १५. कापलेला कर इथल्या विवरणपत्रात वजा मागता येतो.

लोकगीतावर गाणं बांधणाऱ्यांनी जास्त जपावं. जुनी पारंपरिक चाल कुणाच्याच मालकीची नसते; नवी जुळवणी आणि ध्वनिमुद्रण मात्र तुमचं. म्हणून नोंदणीत काय पारंपरिक आणि काय स्वतःचं, ते वेगळं लिहावं. आणि ‘पारंपरिक’ लिहिण्यापूर्वी गावात चार म्हाताऱ्यांना विचारावं. कदाचित रचणारा शेजारच्याच गल्लीत असेल.

गाणं चढवण्याआधी मित्रांनी एका कागदावर लिहून सह्या कराव्यात: शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के. मैत्रीत हे बोलणं जड जातं खरं. त्या कागदावर ढोलक वाजवणाऱ्याचंही नाव घालावं. अमेरिकेतले ते पाच टक्के त्याच्यासारख्यांसाठीच आहेत.