लयकारिकेचं अर्धंच काम शिकवतो आपण

मोहन्यातल्या माझ्या शिकवणीत आठवीची मुलं दरवर्षी एक वाक्य घोकतात: लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या. एका गुणाचा हमखास प्रश्न. यंदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "टीचर, ती पिशवी पेशीलाच मारते, तर पेशीने ती बाळगलीच कशाला?"

मी खडू खाली ठेवला. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर धड्यात नव्हतं.

ख्रिश्चन द दुव यांनी १९५५ साली या पिशव्यांना नाव दिलं, तेव्हा पचन आणि मोडतोड एवढंच त्यांचं काम मानलं गेलं. २०१५ साली त्यांच्या आवरणातल्या एसएलसी३८ए९ या प्रथिनाचं काम उजेडात आलं. पिशवीत अर्जिनीन हे अमिनो आम्ल पुरेसं आहे का, ते हे प्रथिन ओळखतं. असेल, तर एमटॉर ही यंत्रणा पिशवीच्या पाठीवर येऊन बसते आणि तिथून हुकूम सुटतो: प्रथिनं बनवा, वाढा. नसेल, तर वाढ थांबते. पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून दिवस काढते.

त्या मुलीच्या डब्यात शेंगदाण्याची चिक्की होती. अर्जिनीन शेंगदाण्यात भरपूर असतं. चिक्कीचा तुकडा हातात धरून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

मग मी आमच्या मोहन्यातल्याच एनआरसी या रेयॉन कंपनीचं उदाहरण दिलं. कंपनी २००९ साली बंद पडली, ही मुलं त्यानंतरची. पण कुणाचे ना कुणाचे आजोबा तिथे होतेच. गोदामात लाकडाचा लगदा नसेल तर रेयॉनची पाळी लावून काय उपयोग? पेशीही आधी गोदाम बघते, मगच पाळी लावते. आणि तिचं गोदाम व भंगारखाना एकाच छपराखाली असतात. मला तर याच गोष्टीचं सर्वांत जास्त नवल वाटतं.

हे ज्ञान परीक्षेपुरतं नाही. एमटॉरचा लगाम सुटणं अनेक कर्करोगांत दिसतं. एमटॉरला रोखणारं रॅपामायसिन हे औषध ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ते आजही दिलं जातं.

बालभारतीला माझी विनंती आहे: 'आत्मघाती पिशव्या' राहू द्या, पण त्याखाली चार ओळी वाढवा. पेशीने वाढायचं की थांबायचं, हे याच पिशवीच्या पाठीवर ठरतं, एवढं तरी मुलांना वाचू द्या.