स्वस्तांतले जुने खेळ : कोणते घ्यावे, कोणते सोडावे

जुन्या वस्तूंच्या बाजारांत पूर्वीं सुशिक्षित मंडळी पुस्तकें, घड्याळें किंवा पितळेच्या समया पाहावयास जात. अलीकडे पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तींच मंडळी व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटींपाशीं व तबकड्यांपाशीं थबकूं लागलीं आहेत. दुकानदार 'कोणतीही घ्या, शंभर रुपये' म्हणतो; गृहस्थ चार उचलतात, आणि घरीं आल्यावर गृहिणी विचारते, "हें कशाला?" प्रश्न तिचाच बरोबर असतो. घरांत येणारी प्रत्येक वस्तु दोन गोष्टी मागते, पैसा आणि वेळ. जुना खेळ पैसा थोडा मागतो, एवढ्यावरून तो आपला वेळ सत्कारणीं लावील असें ठरत नाहीं. म्हणून स्वस्त खेळांतून घेण्याजोगे कोणते हें कसें ओळखावें, याचा या महिन्यांत विचार करूं.

प्रथम किंमत म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे. जुन्या खेळाची किंमत त्याच्या गुणांवरून ठरत नाहीं. त्याच्या प्रती किती उरल्या आहेत आणि त्या मागणारे किती आहेत, यावरून ठरते. 'टेट्रिस' हा खेळ मॉस्कोंत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं १९८४ सालीं रचला. १९८९ सालीं निन्टेंडो कंपनीनें आपल्या 'गेम बॉय' या हातांत मावणाऱ्या यंत्राबरोबर तो अमेरिकेंत दिला, आणि लक्षावधि घरांत तो जाऊन पोहोंचला. त्यामुळेंच त्याची सुटी कॅसेट स्वल्प मोलास मिळते. तरी लहानापासून आजोबांपर्यंत सर्वांस गुंतवून ठेवणारा त्याच्या तोडीचा खेळ विरळाच. याच्या उलट उदाहरण 'स्टेडियम इव्हेंट्स' या १९८७ सालच्या खेळाचें. सतरंजीसारख्या पटावर धांवून तो खेळावयाचा असे. निन्टेंडोनें तो पट आपल्याकडे घेतला, खेळास नवें नांव दिलें, आणि जुन्या नांवाच्या प्रती फारच थोड्या उरल्या. आज संग्राहक त्या जुन्या नांवास हजारों डॉलर मोजतात, आणि 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' या नव्या नांवाखालीं तोच खेळ किरकोळ दामास पडून असतो! २०२१ च्या जुलैमध्यें 'सुपर मारिओ ६४' (१९९६) या खेळाची एक न उघडलेली प्रत अमेरिकेंतील लिलावांत १५,६०,००० डॉलरांस गेली. ती उघडून खेळावयास बसलें कीं तिचें मोल संपलें. संग्राहकाचा मार्ग वेगळा, खेळणाराचा वेगळा. गृहस्थाश्रमी माणसानें दुसराच धरावा. आणि त्या मार्गावर स्वस्ताई हा दोष नाहीं व दुर्मिळता हा गुण नाहीं.

दुसरी कसोटी अशी कीं, खेळ स्वतःच्या पायांवर उभा आहे कीं नाहीं हें पाहावें. पुष्कळ खेळ आज स्वस्त असतात याचें कारण एवढेंच कीं, त्यांना लागणारी दुसरी वस्तु आतां उरलेली नसते. १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडे ज्यांचें बालपण गेलें त्यांना बदकें मारण्याचा 'डक हंट' हा खेळ व त्याबरोबरची प्लॅस्टिकची बंदूक आठवत असेल. चाप ओढतांच पडदा क्षणभर काळा होई, नंतर बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे, आणि बंदुकीच्या नळींतील प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन टिपी. हें सर्व पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीच्या गतीवर बेतलेलें होतें. नव्या सपाट टीव्हीवर चित्र यावयास जो किंचित् विलंब लागतो, तेवढ्यानें सारा हिशेब चुकतो व एकही बदक पडत नाहीं. ज्यांच्या घरीं तो जुना टीव्ही नाहीं, त्यांना ही बंदूक फुकट मिळाली तरी महागच.

इंटरनेटवर अवलंबून असलेल्या खेळांची हीच कथा. प्लेस्टेशन ३ या यंत्रासाठीं २०१० सालीं निघालेला 'मॅग' हा युद्धाचा खेळ केवळ जाळ्यावरच, इतर खेळाडूंशीं, खेळतां येई. २०१४ च्या जानेवारींत कंपनीनें आपलीं यंत्रें बंद केलीं, आणि ती तबकडी निरुपयोगी झाली. 'गिटार हीरो' घ्यावयाचा तर त्याची खेळण्यांतली गिटारही हवी. प्लेस्टेशन २ च्या तबकड्या स्वस्त मिळतात खऱ्या. पण खेळलेला भाग जपून ठेवावयास त्या यंत्राचें मेमरी कार्ड पदरीं नसेल, तर दर वेळीं आरंभापासून खेळावें लागतें. शिवाय त्या तबकड्यांस प्रदेशाचें बंधन आहे. आपल्याकडे ते यंत्र 'पाल' पद्धतीचें विकलें गेलें; अमेरिकेंतून कोणा आप्तानें आणलेली तबकडी फेरफार न केलेल्या आपल्या यंत्रावर चालत नाहीं. त्याहून जुन्या यंत्रांवर आणखी एक गंमत आढळते. पाल पद्धतींत चित्र सेकंदास ६० ऐवजीं ५० वेळां पडद्यावर येई, आणि पुष्कळ खेळ त्याप्रमाणें सुधारून घेतले गेले नव्हते; म्हणून सेगा कंपनीचा चपळाईसाठीं प्रसिद्ध असलेला 'सॉनिक' (१९९१) युरोपी प्रतींत सुमारें षष्ठांशानें मंद धांवतो. गेम बॉयच्या कॅसेटींस मात्र असें कोणतेंच बंधन नाहीं. त्या कोठल्याही देशांतल्या चालतात. नवख्यानें तेथूनच आरंभ करावा हें बरें.

आतां वस्तूच्या प्रकृतीविषयीं. कॅसेट चालेनाशी झाली कीं तींत फुंकर मारण्याची आपली जुनी संवय. परंतु तोंडांतील ओलाव्यानें आंतील धातूच्या पट्ट्या उलट गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या पट्ट्या हलकेच पुसाव्या. मेलेल्या समजल्या जाणाऱ्या पुष्कळ कॅसेटी एवढ्यानेंच जाग्या होतात. 'पोकेमॉन'सारख्या लांबलचक खेळांत आंत एक लहान बॅटरी असते, तिची चौकशी अवश्य करावी. १९९९ सालच्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या भागांत खेळाची नोंद आणि घड्याळ दोन्ही त्याच बॅटरीवर चालत. ती संपली असेल तर आठवडाभराची मेहनत यंत्र बंद करतांच नाहींशी होते, आणि नवी बॅटरी जोडावयास सोल्डर करणारा कारागीर गांठावा लागतो. २००२ सालच्या 'रूबी' व 'सफायर' या भागांत मात्र बॅटरी संपली तरी नोंद टिकते. फक्त घड्याळावर अवलंबून असलेल्या गोष्टी थांबतात. दुरुस्तीचा खर्च खेळाच्या दामाहून अधिक होत असेल, तर तें नाकापेक्षां मोतीं जड समजावें. तबकडी घेतांना बहुतेक लोक चकचकीत बाजू पाहतात. तिकडचे बारीक ओरखडे पुष्कळदां घासून घालवितां येतात; पण प्लेस्टेशन १ च्या सीडींत माहितीचा थर नांव छापलेल्या बाजूच्या अगदीं खालीं असतो, आणि तेथें ओरखडा पडला तर इलाज नाहीं. म्हणून तबकडी उलटसुलट पाहावी, आणि उजेडासमोर धरून तींत भोंकें दिसत नाहींत ना, हेंही पाहावें.

नकली मालाचा सुळसुळाट फार आहे. गेम बॉय ॲडव्हान्सच्या खऱ्या कॅसेटीच्या चिकटपट्टीवर बारकाईनें पाहिल्यास दाबून उमटविलेला दोन आंकडी क्रमांक बहुधा दिसतो, आणि तोंडाशीं डोकावल्यास हिरव्या पट्टीवर निन्टेंडोचें नांव आढळतें. अक्षरें पुसट, चित्र वांकडें, दाम अविश्वसनीय, अशी कॅसेट ठेवून द्यावी. '९९९९ खेळ एकाच कॅसेटींत' हा प्रकार तर आपल्या परिचयाचाच आहे. त्यांत खरे निराळे खेळ थोडेच असतात. पुढें तेच खेळ दुसऱ्या नांवांनीं किंवा मधल्याच पायरीपासून पुन्हां पुन्हां येतात. आंकड्यास भुलूं नये.

इतकें पाहिल्यावर खेळाच्या जातीचा प्रश्न येतो. ज्याचें सारें आकर्षण त्या वेळच्या नवलाईंत होतें तो खेळ लवकर शिळा होतो. ज्याची रचनाच नेटकी आहे तो टिकतो. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) आजच्या मुलाच्या हातीं दिला तरी उडी केव्हां मारावी हें त्यास कोणी सांगावें लागत नाहीं. पहिली चूक त्यास पहिला धडा देते. चित्रपटाच्या नांवावर घाईनें काढलेले खेळ बहुधा टाळावे. 'ई. टी.' हा खेळ १९८२ च्या नाताळास गांठावयाचा म्हणून सुमारें पांच आठवड्यांत तयार केला गेला. न खपलेल्या मालांतील पुष्कळ प्रती पुढें न्यू मेक्सिकोंत पुरण्यांत आल्या, आणि २०१४ सालीं त्यांतल्या कांहीं उकरून काढल्या गेल्या. दरवर्षीं निघणारे फुटबॉलचे खेळ ढिगानें मिळतात, कारण पुढच्या वर्षाची आवृत्ति मागच्या आवृत्तीस निकामी ठरविते. परंतु ई. ए. कंपनीचा 'क्रिकेट ०७' हा २००६ च्या अखेरीस निघालेला खेळ त्या कंपनीच्या मालिकेंतला शेवटचा ठरला. त्यास मागें टाकणारी पुढची आवृत्ति आलीच नाहीं, आणि आपल्याकडील तरुणांनीं तो वर्षानुवर्षें जिवंत ठेविला. नियम जाणावा, पण अपवादही ओळखावा. शंका आली तर विकत घेण्यापूर्वीं यूट्यूबवर कोणी तो खेळ खेळत असलेला पंधरा मिनिटें पाहावा. पाहतांना हात शिवशिवले नाहींत, तर घरीं आणल्यावरही शिवशिवणार नाहींत.

शेवटीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण खरा खर्च तेथेंच आहे. चाळिशी गांठलेला पिता मुलाच्या नांवानें जो खेळ आणतो, तो पुष्कळदां स्वतःच्या बालपणासाठीं असतो. यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. स्मृतीसाठीं शंभर रुपये वेंचणें हा कांहीं अपव्यय नव्हे. परंतु मुलास तो न आवडला तर "आमच्या वेळीं आम्ही याच्यासाठीं जीव टाकीत असूं" असें म्हणून त्यास खिजवूं नये. ज्यानें तो कधीं मागितला नव्हता, त्यानें त्याबद्दल कृतज्ञ असावें ही अपेक्षा अन्यायाची. दोघांनीं मिळून खेळतां येईल असा खेळ शोधावा, दुसरा कंट्रोलर चालतो कीं नाहीं तें दुकानांतच पाहून घ्यावें, आणि पहिले चार दिवस मुलाशेजारीं आपण स्वतः बसावें. कपाटांत तीस कॅसेटी रचण्यापेक्षां दोनच अशा असाव्या, कीं ज्यांच्यासाठीं रविवारीं दुपारीं घरांतलीं दोन माणसें एकमेकांस हांक मारतील.